खुब्याचा कोन: २५ चा आकडा आला कुठून?

खुब्याच्या एक्स-रेच्या रिपोर्टात ‘सीई अँगल १८ अंश’ (सीई म्हणजे सेंटर-एज, मध्य ते कड) असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘नॉर्मल २५ च्या वर’. हा २५ स्वीडनमधून आला, १९३९ साली. पण मोजामोजी त्याच्या आधीच सुरू झाली होती.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत, म्हणजे उखळीत, बसतो. वाटी उथळ राहिली तर सगळं वजन माथ्याच्या थोड्याशा भागावर येतं आणि कूर्चा (सांध्यातलं मऊ, लवचिक हाड) अकाली झिजते. एक्स-रेपूर्वी डॉक्टर चालीवरून अंदाज बांधत. जन्मापासून खुबा निखळलेला माणूस डुलत का चालतो, याचा उलगडा जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि चालीतून ताडायचा दोष काचेच्या प्लेटवर दिसू लागला.

दिसला, तरी तो किती हे कसं सांगायचं? लंडनच्या शेंटन यांची कमान साधी होती: मांडीच्या हाडाच्या मानेची खालची कड आणि जांघेच्या हाडातल्या भोकाची वरची कड मिळून एक सलग रेघ दिसली पाहिजे. तुटलेली दिसली तर माथा सरकलाय. आकडा नाहीच. आजही एक्स-रे पाहताना नजर आधी तिथेच जाते.

तान्ह्या बाळांचा पेच वेगळा. त्यांचा माथा कूर्चेचा असतो आणि साधारण चार-सहा महिन्यांपर्यंत एक्स-रेवर दिसतच नाही. प्रागच्या हिलगेनराइनर यांनी १९२५ मध्ये माथ्याचा नादच सोडला. उखळीच्या तळाशी तीन हाडं जुळतात, तिथे कूर्चेची काळी फट दिसते. दोन्ही बाजूंच्या फटींमधून एक आडवी रेघ, आणि फटीपासून उखळीच्या छपराच्या कडेपर्यंत दुसरी तिरकी. मधला कोन म्हणजे छपराचा उतार. नवजात बाळात तो ३० अंशांच्या आसपास चालतो, पुढे वयाबरोबर उतरत जातो. (बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं खुब्याला वाईट, कडेवर पाय फाकवून घेणं चांगलं, असं आता सांगितलं जातं. आपल्याकडे दोन्ही चालतं.)

मोठ्यांसाठीचा कोन, म्हणजे सुरुवातीचा तो सीई अँगल, दिला स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनी. माथ्याच्या गोलाचा मध्य शोधायचा, तिथून एक रेघ सरळ वर काढायची, दुसरी उखळीच्या बाहेरच्या कडेला लावायची. घराची वळचण भिंतीच्या किती पुढे आली आहे हे पाहावं, तसं हे मोजमाप. २५ च्या वर ठीक, २० च्या खाली उथळ, मधलं संशयाचं. विबर्ग नुसते कोन मोजून थांबले नाहीत. वळचण जितकी आखूड, तितका झिजेचा संधिवात लवकर, हे त्यांनी दाखवलं. या आकड्याला वजन आलं ते त्यामुळे.

पुढे कोनांची गर्दी झाली. १९६१ मध्ये शार्प यांनी मोठ्यांच्या उखळीचा कल मोजायला वेगळा कोन सुचवला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लेकेन आणि द सेझ यांनी रुग्णाला तिरकं उभं करून उखळीची पुढची बाजू मोजायची युक्ती काढली, कारण समोरून काढलेल्या एक्स-रेत ती झाकली जाते. १९८० मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्राफ यांनी तान्ह्या बाळांसाठी सोनोग्राफी आणली. तिथेही शेवटी कोनच, तो ६० अंश किंवा जास्त हवा. कुत्र्यांच्या खुब्यासाठी नॉरबर्ग कोन आहे, तो १०५ किंवा जास्त हवा.

मग उलटा प्रश्न आला: वळचण फारच पुढे आली तर? स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या गांझ यांच्या गटाने जास्तीच्या हाडामुळे हाडं एकमेकांवर आपटून सांधा कसा बिघडतो हे मांडलं. ज्या कोनाला फक्त खालची मर्यादा होती, त्याला वरचीही मिळाली, साधारण ४० ची.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. उखळीची ‘कड’ म्हणजे नक्की कोणती? हाडाचं बाहेरचं टोक, की वजन झेलणारी दाट पांढरी पट्टी संपते तो बिंदू? या पट्टीला फ्रेंच शब्दावरून ‘भुवई’ म्हणतात. काही खुब्यांत या दोन बिंदूंमध्ये अंतर असतं आणि एकाच फिल्मवर दोन उत्तरं येतात. त्यात रुग्ण टेबलावर जरा वाकडा झोपला की आकडा आणखी हलतो. म्हणून जाणकार आधी माकडहाडाचं टोक पाहतात: ते जांघेच्या हाडांच्या सांध्याच्या अगदी सरळ वर, साधारण १ ते ३ सेंटिमीटरवर असलं, तरच कोनमापक हातात घेतात.