बाहुलीच्या कडेचे लाल धागे

मावशींना पहाटे उलट्या सुरू झाल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, पित्त खवळलं. डोकं उजवीकडून ठणकत होतं आणि उजवा डोळा लालभडक. सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं विड्या वळलेल्या या बाई. शुगरची गोळी बारा वर्षं चालू, पण डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नाही. दोन दिवस पित्ताच्या गोळ्यांत गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर डोळ्याचं प्रेशर निघालं ५२. एरवी ते १० ते २१ असतं.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकण्याआधी डॉक्टरांनी मला यंत्रातून बघायला बोलावलं. तपकिरी बुबुळावर, बाहुलीच्या अगदी कडेनं, बारीक लाल धागे होते, चादरीच्या किनारीतून सुटलेल्या सुतासारखे. थेंब टाकून बाहुली पसरली की ते सहज नजरेतून निसटतात, म्हणून आधी बघायचं.

त्या रक्तवाहिन्या होत्या, आणि तिथे त्या असायलाच नको होत्या. त्यांच्यामुळे होणाऱ्या काचबिंदूला डॉक्टर निओव्हॅस्क्युलर ग्लॉकोमा म्हणतात. दुखणं डोळ्याच्या पुढच्या भागात दिसतं, पण त्याचं मूळ मागच्या पडद्यात असतं. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं पडद्याच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या बंद पडत जातात. पडद्याला तर प्राणवायू भरपूर लागतो. तो मिळेना की पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्याचा निरोप एकच, नव्या रक्तवाहिन्या वाढवा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा माणूस मिळेल तिथून पाइप ओढतो ना, तसंच हे. पण या नव्या वाहिन्या कच्च्या असतात. त्या झिरपतात, फुटतात, आणि मग ‘पडद्यावर रक्त आलं’ असं ऐकायला मिळतं.

हेच प्रथिन डोळ्यातल्या द्रवातून पुढे सरकतं आणि बुबुळावरही वाहिन्या उगवतात. डोळ्यात दर मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि बुबुळ व पुढची पारदर्शक काच जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या जाळीतून बाहेर जातं. नव्या वाहिन्यांसोबत एक पातळ पापुद्राही त्या जाळीवर चढतो. पुढे तो आकसतो आणि बुबुळाला ओढून कोपऱ्यावर चिकटवून टाकतो. मोरी तुंबली, नळ मात्र चालूच. वाढलेल्या दाबाखाली डोळ्याच्या नसेतले तंतू मरतात, आणि मेलेला तंतू परत येत नाही. सुरुवातीला यातलं काहीच दुखत नाही, प्रेशरही वाढलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

डोळ्याचा दाब उतरवायला मावशींना त्याच दिवशी मॅनिटॉल शिरेतून दिलं. डोळ्यात पाणी कमी तयार व्हावं म्हणून टिमोलॉल आणि डोर्झोलामाइडचे थेंब, अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या (त्याही किडनीची तपासणी बघून, कारण मधुमेहात तीही बिघडलेली असू शकते), शिवाय सूज आणि दुखणं कमी करायला स्टेरॉइड आणि अॅट्रोपिन. एवढ्यानं नळ बारीक होतो. पण पडद्याची उपासमार तशीच राहते.

मग डोळ्यात सुई. बेव्हासिझुमॅब हे मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं औषध, अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झालेलं. त्याचा अगदी छोटा डोस, १.२५ मिलिग्रॅम, डोळ्यात देतात. ते व्हीईजीएफला पकडून ठेवतं आणि लाल धागे काही दिवसांत सुकतात. मावशींचेही सुकले. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘डोळा बरा झाला की, आता लेझर कशाला?’ इथेच घात होतो. औषधाचा असर साधारण चार-सहा आठवड्यांत ओसरतो. उपाशी पडदा पुन्हा तोच निरोप धाडतो.

लेझरनं पडद्याच्या कडेच्या भागावर हजार-दीड हजार, कधी त्याहून जास्त, बारीक ठिपके भाजतात. जो वाचवायचा तोच पडदा भाजायचा, हे मला आधी पटेना. पण मधली नजर सांभाळून कडेच्या काही पेशींचा बळी दिला की प्राणवायूची मागणी घटते आणि व्हीईजीएफ कमी होतं. प्रकाशानं पडदा मुद्दाम भाजायची ही वाट जर्मनीतल्या गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी काढली. १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेल्या रुग्णांवरून त्यांना ते सुचलं होतं. लेझरनं बाजूची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते. दिसणं वाढेल असं कुणी समजू नये. लेझर उरलेलं राखायला असतं.

एवढं करूनही दाब उतरला नाही तर डोळ्यात बारीक नळी बसवून पाण्याला दुसरी वाट देतात. अहमद व्हॉल्व्ह हे नाव त्यात नेहमी ऐकू येतं. मदुराईच्या ऑरोलॅबची नळी त्याहून खूप स्वस्त पडते. नजर गेलेली आणि वेदना असह्य, अशा डोळ्यात पाणी तयार करणारा भागच लेझरनं मंदावतात.

मावशींचा उजवा डोळा आता समोरची बोटं मोजण्यापुरता आहे. डाव्या डोळ्यात पडद्यावर नव्या वाहिन्या सापडल्या, पण बुबुळ स्वच्छ होतं. तिथेही तीन बैठकांत लेझर झालं आणि तो डोळा वर्तमानपत्र वाचतो. त्यांच्या धाकट्या भावालाही शुगर आहे, डोळ्याला काही त्रास नाही. टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी पडदा तपासायचा आणि पुढे वर्षातून एकदा तरी, हे मी त्याला फोन करून सांगितलं.

मावशींची पुढची तारीख नेमकी सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आठवड्यात आली. ‘यात्रेनंतर जाऊ गं,’ त्या म्हणाल्या. मी ती आठवडाभर अलीकडे घेतली.