कायद्याची पदवी ते सनद: गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि पुढच्या वाटा

कायद्याच्या प्रवेशाच्या दिवसांत सगळ्यांचे लक्ष जागा मिळते की नाही याकडे असते. कागदांची खरी तपासणी मात्र तीन किंवा पाच वर्षांनी, सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज भरताना होते. तिथे दहावीपासूनची कागदपत्रे एकत्र लावली जातात आणि प्रवेशाच्या वेळी 'नंतर बघू' म्हणून सोडलेली चूक नेमकी तेव्हा वर येते. म्हणून आधी सनदेला काय लागते ते समजून घ्यावे आणि मगच प्रवेशाचा अर्ज भरावा.

कोणती पदवी चालते, कोणती नाही

वकिली करायची असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलीचे नियमन करणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या महाविद्यालयातून एलएलबी हवी. त्यासाठी दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, म्हणजे बीए एलएलबी किंवा तत्सम. नाहीतर कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी. गोवा विद्यापीठाशी संलग्न अशी दोन जुनी महाविद्यालये आहेत: मिरामारचे व्ही. एम. साळगावकर कायदा महाविद्यालय आणि मडगावचे जी. आर. कारे कायदा महाविद्यालय. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ट्रस्टने उभे केलेले स्वतंत्र विधी विद्यापीठही आता गोव्यात आहे.

नावावरून फसगत होते ती इथेच. 'लीगल स्टडीज'मधील नुसती बीए, कायद्याचा डिप्लोमा किंवा घरबसल्या केलेली पत्रद्वारा पदवी यांपैकी कशावरही सनद मिळत नाही. मुंबईकडे ऐकू येणारी बीएलएस ही पदवीही एकटी पुरत नाही, तिच्यापुढची एलएलबी पूर्ण करावी लागते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी बाहेर पडून बीए हातात घेण्याची किंवा पदवीधर आहे म्हणून थेट मधल्या वर्षात शिरण्याची सोय बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत नाही. बारावीनंतर कायदा घ्यावा की नाही याबद्दल मन डळमळत असेल, तर आधी साधी पदवी करून मग तीन वर्षांची वाट धरणे शहाणपणाचे. दोन्ही वाटांची सनद एकच असते.

गुणांची अट

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीत आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीत खुल्या गटाला ४५, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. ४४.९ म्हणजे ४५ नव्हे. हा किमान उंबरठा आहे. तो ओलांडला म्हणून जागा मिळेलच असे नाही, कारण प्रवेश गुणवत्तेवर किंवा प्रवेश परीक्षेवर ठरतो आणि त्याची पद्धत त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावी लागते.

मुक्त विद्यापीठाबद्दल गैरसमज फार आहेत. दहावी-बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर अडचण नाही. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेला उमेदवार मात्र अपात्र ठरतो.

गोव्याबाहेरच्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दोन तासांत १२० प्रश्न, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. वयाची कमाल मर्यादा नाही. परीक्षा अलीकडे डिसेंबरात होते, म्हणजे बारावीच्या परीक्षेआधी. निकालानंतर विचार करू म्हणणाऱ्याचे ते वर्ष हातचे जाते.

कागदपत्रे, आणि त्यांतील नाव

नेहमीचे कागद सगळ्यांना ठाऊक असतात: दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, छायाचित्रे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिकाही. दुसऱ्या बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून येणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र आणि गोवा विद्यापीठाची पात्रता मंजुरी लागते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला. मामलेदार आणि उपजिल्हाधिकारी कार्यालयांत निकालानंतरच्या आठवड्यांत गर्दी उसळते, म्हणून हे दाखले मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवावेत. इतर मागासवर्गीयांनी आणखी एक गोष्ट पाहावी: राज्याची यादी आणि केंद्राची यादी एक नाही. क्लॅटसारख्या अखिल भारतीय प्रवेशाला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो.

गोव्यात सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. चार कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा: जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, आधार. आता आडनावाचे रोमन स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. जन्माच्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचे 'गावकर' असते, त्यात 'के'च्या जागी 'सी'. शाळेत मास्तरांनी इंग्रजी वळणाने लिहिले, म्हणून गुणपत्रिकेवर 'के'. आधारवर मधले नाव गळलेले. 'नाईक', 'परब', 'कामत' या आडनावांचीही हीच गत. वर्गात हजेरी घेताना याने काही बिघडत नाही. सनदेच्या वेळी मात्र प्रत्येक फरकासाठी प्रतिज्ञापत्र मागितले जाते, आणि फरक मोठा असेल तर मूळ नोंदच दुरुस्त करून आणावी लागते. लेखनातली चूक असेल तर बोर्डाकडे किंवा जन्मनोंदणीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. नाव खरोखर बदलायचे असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच वाटेने जावे. परस्पर नवे नाव लिहायला लागू नये. पदवी माहेरच्या नावाची आणि सनद सासरच्या नावाने हवी असेल, तर विवाहनोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवावा.

शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात काय केले याचे प्रतिज्ञापत्र लागते. ते खरे लिहावे. नोकरी केली असेल तर नोकरी लिहावी, कारण सनदेच्या अर्जातही तोच प्रश्न पुन्हा येतो आणि दोन उत्तरे जुळली नाहीत की संशय उभा राहतो.

शिकत असताना सनद कुठे अडते

प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हा नियम आहे. एखाद्या विषयात ६५ टक्के भरली आणि एकूण सरासरी ७० असली, तर प्राचार्यांना असाधारण कारणासाठी सवलत देता येते. त्याखाली वाव नाही. तीन वर्षांची एलएलबी नोकरी सांभाळून 'जमेल तशी' करता येईल असे मानून येणारे इथेच अडखळतात, कारण हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि वर्ग दिवसाच भरतात. सप्टेंबर २०२४ पासून बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरीचा आग्रह धरला आहे आणि विद्यार्थ्याने गुन्हे, नोकरी व दुसरी नियमित पदवी यांबाबत घोषणापत्र द्यावे असेही सांगितले आहे. एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवी करता येत नाही. भाषेचा किंवा संगणकाचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरली जात नाही, त्यामुळे शेवटच्या वर्षी सगळी एकदम उरकता येत नाही. पहिल्याच वर्षापासून तालुका न्यायालयात बसावे. प्रमाणपत्रावर तारखा, वकिलाचा सनद क्रमांक आणि सही असल्याची त्याच दिवशी खात्री करून घ्यावी.

सनद

गोव्याची वेगळी बार कौन्सिल नाही. नोंदणी मुंबईतल्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे होते. अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, २१ वर्षे पूर्ण आणि मान्य पदवी या मूळ अटी. अर्जाला दहावीपासून एलएलबीच्या शेवटच्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते उत्तीर्ण प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, चारित्र्य प्रमाणपत्रे, प्रतिज्ञापत्र आणि वकिलाच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडमधले छायाचित्र जोडायचे. मूळ कागद आणि साक्षांकित प्रतींचे दोन वेगळे संच करावेत. एका सत्राची गुणपत्रिका हरवलेली असते आणि तिची दुय्यम प्रत विद्यापीठातून येईपर्यंत नोंदणीची तारीख निघून जाते. अशा अर्जांना उशीर होण्याचे हे फार साधे आणि सहज टाळता येणारे कारण आहे.

शुल्काबाबत निःशंक राहा. कायद्यात खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये एवढेच नोंदणी शुल्क आहे. त्यावर वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात ते थांबवले. कष्टकरी घरातल्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे, आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवा.

पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. नोकरी लपवून घेतलेली सनद पुढे रद्द होऊ शकते.

नोंदणी झाल्यावर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १०० बहुपर्यायी प्रश्न, वजा गुण नाहीत. उत्तीर्णतेसाठी खुल्या आणि इतर मागासवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४०. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके नेता येतात. मात्र भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतचे दोन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत, त्यामुळे थोरल्या भावंडांची जुनी पुस्तके नेऊन फक्त गोंधळ होतो.

पदवीनंतर गोव्यात काय

गोव्यात वकिलीचा सर्वांत भरीव भाग जमीन आणि वारसा हा आहे, आणि इथला कायदा बाहेरच्या वकिलाला सहज उमगत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा, नवरा-बायकोची समाईक मालमत्ता, मुलांचा राखीव अर्धा हिस्सा, कोमुनिदादीच्या (गावाच्या पारंपरिक सामूहिक संस्थेच्या) जमिनी, १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा) कायदा हे सगळे एकाच फाइलमध्ये भेटू शकते. वारसांमधली वाटणी 'इन्व्हेंटरी' प्रक्रियेने होते. त्यासाठीचा २०१२ चा कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे.

बँकेसाठी किंवा घर घेणाऱ्यासाठी मालकी तपासण्याचे काम घ्या. नवशिका वकील एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या सर्व्हेची नोंद, पाहतो आणि मालक ठरवतो. उताऱ्यावरचे नाव हा सर्व्हेच्या वेळचा कब्जेदार असू शकतो. मालकीची साखळी जुन्या नोंदणी कार्यालयातील पोर्तुगीज नोंदींपर्यंत मागे न्यावी लागते, मग वारसांची यादी, मग प्रत्येक वारसाच्या जोडीदाराची सही. विवाहित भावाने सही केली आणि वहिनीची राहिली, तर समाईक मालमत्तेच्या नियमामुळे विक्रीखत अडचणीत येते. म्हणून शिकत असतानाच वाचण्यापुरती पोर्तुगीज शिकून घ्यावी, असे आवर्जून सांगावेसे वाटते. ज्यांना ते दस्तऐवज वाचता येतात त्यांच्याकडे काम चालत येते.

पहिली वर्षे मात्र कमाईच्या दृष्टीने ओढाताणीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये मासिक मानधन द्यावे असे सुचवले. ही शिफारस आहे, सक्ती नाही. वरिष्ठांकडे रुजू होताना मानधनाचे स्पष्ट बोलून घ्यावे.

सरकारी बँकांतील विधी अधिकाऱ्याच्या पदाला एलएलबीबरोबर वकील म्हणून नोंदणीही लागते. राज्य सरकारच्या पदांना पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते, मराठी इष्ट असते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कोकणी बोलता येते एवढ्यावर थांबू नये, लिहिण्याचाही सराव ठेवावा. प्राध्यापकीसाठी ५५ टक्क्यांची एलएलएम ही पदव्युत्तर पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा. नोटरीसाठी दहा वर्षांची वकिली, महिला आणि मागासवर्गीयांना सात.

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हे अनेकांचे स्वप्न. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. हा काळ तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो, म्हणजे बार परीक्षेची वाट पाहत नोंदणी लांबवणारा स्वतःचेच महिने गमावतो. या वकिलीचा दाखला प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याचा शेरा. तो मागायला जाल तेव्हा हाताशी पुरावा असावा, म्हणून पहिल्या वकालतनाम्यापासून (पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रापासून) प्रत्येकाची प्रत, खटला क्रमांक आणि आपली हजेरी नोंदलेला न्यायालयाचा रोजनामा वर्षवार फाइलमध्ये लावत जा.