साबणाने न गेलेला वास

शवविच्छेदन करून आलेल्या हातांना साबण लावला तरी प्रेताचा वास पुरता जात नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात हे सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक होतं, अंगवळणीही पडलं होतं. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण हंगेरियन डॉक्टरला मात्र १८४७ मध्ये त्या वासामागे बाळंतिणींचं मरण दिसलं.

तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. बाळंतज्वराने दगावणाऱ्या बायका पहिल्या विभागात कितीतरी जास्त. शहरभर बोभाटा झाला होता; पहिल्या विभागात नेताहेत असं कळलं की बायका गयावया करत. सेमेलवाइसने एकेक शंका तपासून बाजूला ठेवली. गर्दी म्हणावी, तर ती दुसरीकडेच जास्त. हवा दोन्हीकडे तीच. बायकांना कुशीवर निजवून पाहिलं, मरणाऱ्यांसाठी येणाऱ्या पाद्र्याची घंटाही थांबवली. मरण थांबलं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे स्नेही, प्राध्यापक याकोब कोलेत्श्का गेले. शवविच्छेदन चालू असताना विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शरीरात ज्या खुणा सापडल्या, त्या बाळंतिणींच्या शरीरात दिसायच्या त्याच. विद्यार्थी प्रेतं फाडत आणि तिथून उठून तीच बोटं बायकांच्या तपासणीला वापरत. सुइणी शवविच्छेदन करत नसत.

मेच्या मध्यापासून सेमेलवाइसने प्रत्येकाला क्लोरीनच्या पाण्यात, पुढे स्वस्त पडतो म्हणून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. आपल्या गावी विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, तीच ही. जंतूंची कल्पना अजून रुजायची होती. त्याची कसोटी एवढीच, की वास जातो का. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी गेल्या होत्या. जुलैत हे प्रमाण दीडच्याही खाली आलं.

तरी अनेक वरिष्ठांना ते पटलं नाही. आपल्याच हातांनी बायका मेल्या हे कबूल करणं जड गेलं असणार, पण आकडे डोळ्यांसमोर असताना पाठ फिरवणं मला आजही माफ करवत नाही. १८६५ मध्ये, ४७व्या वर्षी, सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला.

पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामामुळे जंतू मान्य झाले. हात कसे चोळायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रॅहम आयलिफ आणि सहकाऱ्यांना हातांची जंतुनाशकं तपासायची होती. तुलना खरी ठरायची तर प्रत्येकाने सारखेच हात चोळायला हवेत, म्हणून त्यांनी सहा हालचाली ठरवल्या. दवाखान्यातल्या बेसिनवरची चित्रं त्यांच्यावरूनच आली आहेत: तळव्यावर तळवा, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांची पाठ, मुठीत धरून फिरवलेला अंगठा आणि शेवटी तळव्यावर गोल घासलेली बोटांची टोकं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हाच क्रम घेतला. साबण-पाण्याने हात ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद.

घाईत आपण तळवे चोळतो आणि नळ बंद करतो. अंगठा आणि बोटांची टोकं तशीच राहतात. व्हिएन्नातले विद्यार्थी बायकांना तपासत, ते याच टोकांनी.