सिमेंट वाळत नाही हो, पाणी पितं

आमच्या सोसायटीत दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढतंच. आकाशात ढग जमायला लागलेले असतात आणि मिस्त्री सांगत असतो, "दोन दिवसांत वाळतंय साहेब, टेन्शन नका घेऊ." आता गंमत बघा, तो ज्याला वाळणं म्हणतोय ना, तेच व्हायला नकोय.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, त्याची पाण्याशी रिॲक्शन होते, हायड्रेशन म्हणतात त्याला, आणि त्यातून जो जेलसारखा पदार्थ तयार होतो तो वाळू-खडीला धरून ठेवतो. पाणी उडून गेलं की रिॲक्शन तिथंच अडकते. ५० किलोच्या गोणीला या रिॲक्शनसाठी १२ लिटरच्या आसपास पाणी पुरतं, पण माल नीट पसरायला हवा म्हणून २२ ते २५ लिटर घालतात, आणि बिगारी हात दुखतात म्हणून वर अजून एक बादली ओततो. ते जादाचं पाणी नंतर उडून जातं, त्याच्या जागी केसासारख्या बारीक वाटा उरतात आणि जुलैत पाऊस त्याच वाटांनी तुमच्या बेडरूमच्या सीलिंगला येतो. म्हणजे कालवताना पाणी मोजून आणि घट्ट झाल्यावर भरपूर, आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

पुण्यात मॉन्सून साधारण १० जूनच्या आसपास येतो, तिथून उलटं मोजत या. पाणी मारायचं किती दिवस? साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किमान ७, पण घरगुती कामाला बहुतेक वेळा पीपीसीच्या (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या) गोण्या येतात, त्यात फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची बारीक राख असते आणि ती सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश रिॲक्ट होते, म्हणून १० दिवस धरा. मग टेरेसवर पाणी तुंबवून टेस्ट, कुठं पाझरलं तर परत फोडा, परत भरा, परत पाणी. त्याआधी जुना कोबा, म्हणजे टेरेसवरचा वॉटरप्रूफिंगचा थर, फोडून राडारोडा खाली उतरवणं वेगळंच. वरून केमिकल कोटिंग मारणार असाल तर ते मात्र खरंच वाळावं लागतं. सगळं धरलं तर एप्रिलच्या सुरुवातीलाच हात घालायला हवा.

पण एप्रिलचं पुणं माहितीये ना, दुपारी ३८-३९ डिग्री, हवा कोरडी ठणठणीत, त्यात वारा. ताज्या काँक्रीटच्या पोटातून पाणी वर येतं त्याच्यापेक्षा जोरात ते उडतं आणि वरचा थर घट्ट व्हायच्या आतच तडकतो. त्यामुळं उन्हाळ्यात स्लॅब टाकायचाच असेल तर पहाटे सुरू करा, नंतर ओलं गोणपाट, मग छोटे बांध घालून आळी करून त्यात पाणी भरून ठेवा. माझं मत विचाराल तर मोठं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. थंडीत सिमेंट जरा आळशी असतं, सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या-टेकू) लवकर काढायची घाई करू नका, पण सावकाश मुरलेलं काँक्रीट शेवटी जास्त मजबूत निघतं.

रंगाचा धडा मी स्वतः पैसे देऊन शिकलोय. ऑगस्टच्या शेवटी पॅसेजला नवीन प्लास्टर केलं आणि दसऱ्याला घर चकाचक दिसायला पाहिजे म्हणून तीन आठवड्यांत ऑइल पेंट मारून घेतला. पेंटरला घाई होती, खोटं कशाला बोलू, मलाही होती. दिवाळीपर्यंत पोपडे. नवीन प्लास्टर चांगलंच अल्कलाइन असतं, पीएच १२ ते १३, आणि ओल असली की ते रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण करतं! आता मी आधी भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवतो, सकाळी आतून थेंब दिसले की पेंटरला चहा पाजून परत पाठवतो.

दारांचंही तसंच, मेमध्ये अगदी घट्ट बसवलेलं लाकडी दार जुलैत फुगून अडकणार, कारण लाकूड लांबीत नाही, आडवं फुगतं. सुताराला थोडी फट सोडायला सांगा.

यंदा दिवाळीनंतर आमचा किचन ओटा फोडायचाय. सिमेंट आत्ताच घेऊन ठेवत नाहीये, गोणी तीन महिने पडून राहिली तर हवेतली ओल खाऊन तिची ताकद पाचव्या हिश्शानं तरी कमी होते. मिस्त्रीला मात्र ॲडव्हान्स देऊन ठेवलाय, कारण दिवाळीला गावी गेलेला माणूस तुळशीच्या लग्नाशिवाय काही उगवत नाही.