सात घरांतला अपूर्णांक

‘एक्स अधिक १, भागिले २’ असं मोठ्यानं वाचलं, की ऐकणाऱ्याला विचारावंच लागतं: २ नं भागायचं कशाला, नुसत्या १ ला की सगळ्या बेरजेला? छापील पानावर हा प्रश्न येत नाही. रेघ कुठून कुठवर ओढली आहे ते दिसतं. ब्रेलमध्ये मात्र अंश वर आणि छेद खाली अशी सोय नाही. सहा टिंबांची घरं एकापुढे एक, सरळ ओळीत येतात.

यावर अब्राहम नेमेथ या जन्मांध अमेरिकी गणितज्ञानं तोडगा काढला. १९५२ मध्ये त्याची पद्धत प्रसिद्ध झाली आणि भारतातही गणितासाठी तीच वापरतात. तिच्यात अपूर्णांक कुठे सुरू झाला, रेघ कुठे आली, तो कुठे संपला, यांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. वरचं उदाहरण घ्या. सगळ्या बेरजेला २ नं भागायचं असेल, तर सुरुवातीची खूण एक्सच्या आधी येते. नुसत्या १ ला भागायचं असेल, तर १ च्या आधी. दोन्ही वेळा घरं सातच आणि तीच, फक्त एक खूण दोन घरं सरकते. एक्स ३ असेल, तर उत्तर २ ऐवजी साडेतीन होतं!

ही खूण योग्य जागी टाकण्याचं काम आता डक्सबरी किंवा मोफत मिळणारं लिबलुईस यांसारखी, छापील मजकूर ब्रेलमध्ये बदलणारी सॉफ्टवेअर करतात. पण त्यांना डोळे नाहीत. समीकरण मॅथटाइप किंवा लेटेक या गणित लिहिण्याच्या साधनांत लिहिलं असेल, तर अंश कोणता आणि छेद कोणता हे फाइलमध्येच नोंदलेलं असतं, आणि भाषांतर नीट होतं. शिक्षकानं वहीतल्या गणिताचा फोटो चिकटवला, तर सॉफ्टवेअरच्या हाती काहीच लागत नाही. अंशाला अंडरलाइन करून खालच्या ओळीत छेद टाइप केला, तर ते त्याला दोन सुटे आकडे समजतं. माझ्या मते सगळी मेहनत इथेच घ्यायला हवी. फाइल नीट बनवणं सोपं आहे. एम्बॉसरमधून, म्हणजे ब्रेल छापणाऱ्या यंत्रातून, निघालेलं चुकीचं पान दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

मराठी माध्यमाच्या पुस्तकात आणखी एक पेच येतो. मजकूर भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, असतो आणि गणित नेमेथमध्ये. टिंबं १, ४, ५, ६ उठलेलं घर मजकुरात ‘थ’ असतं; गणितात तीच अपूर्णांकाची सुरुवात. त्यामुळे कुठला भाग गणित आहे हे सॉफ्टवेअरला कळलंच पाहिजे, नाहीतर एकाच वाक्यात दोन्ही पद्धतींची सरमिसळ होते.

म्हणून एम्बॉसरला फाइल देण्याआधी नेमेथ येणाऱ्या वाचकाकडून दोन-तीन पानं तपासून घ्यावीत, आणि त्यासाठी अपूर्णांक, घातांक, वर्गमुळं खच्चून भरलेली पानंच निवडावीत.