होंडाचे संकरित फॉर्म्युला वन एंजिन (२०१५–२१)

जपानच्या होंडा कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतींसाठी बनविलेली १.६ लिटर, व्ही-६, टर्बोयुक्त संकरित एंजिनांची मालिका. २०१५ ते २०१७ या काळात ती मॅक्लारेन संघाच्या गाड्यांत होती आणि शक्ती व टिकाऊपणा या दोन्ही बाबतींत मर्सिडीझ, फेरारी व रनो यांच्या मागे पडली. १९८८ साली याच जोडीने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या होत्या, त्यामुळे हे अपयश विशेष बोचरे ठरले. २०१५ व २०१७ या दोन्ही हंगामांत मॅक्लारेन दहा संघांत नववा आला. गुण अनुक्रमे २७ व ३०.

दोषाचे मूळ रचनेत होते. २०१४ ते २०२५ या काळातील नियमांनुसार टर्बोचे दोन भाग, म्हणजे धुराच्या झोताने फिरणारे टर्बाइन व सिलिंडरांत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, यांना जोडणाऱ्या दांड्यावर एक मोटर-जनित्र (एमजीयू-एच) बसे आणि धुराड्यातून वाया जाणाऱ्या ऊर्जेतून वीज मिळवी. चाकांना जोर देणारे दुसरे मोटर-जनित्र (एमजीयू-के) १२० किलोवॉट, म्हणजे सुमारे १६० अश्वशक्ती पुरवी. बॅटरीतून त्याला एका फेरीत ४ मेगाज्यूलच देता येत आणि ब्रेक लावताना परत मिळवायची मर्यादा तर २ मेगाज्यूलच होती. एमजीयू-एचकडून थेट येणाऱ्या विजेला मात्र मर्यादा नव्हती. म्हणून टर्बो जितका समर्थ, तितका हा जोर सरळ रस्त्यावर अधिक काळ टिके. मर्सिडीझने कॉम्प्रेसर एंजिनाच्या पुढे व टर्बाइन मागे ठेवून दोहोंना लांब दांड्याने जोडले होते. होंडाने २०१५ च्या आरए६१५एच एंजिनात कॉम्प्रेसरदेखील सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत बसवला. गाडीचा मागचा भाग निमुळता ठेवण्याच्या या धोरणाला ‘साइझ झिरो’ म्हटले गेले. खोबणीत मावेल एवढाच टर्बो घ्यावा लागल्याने वीज अपुरी पडे आणि लांब सरळ रस्त्याच्या मध्यावरच विद्युत जोर संपे. स्पा (बेल्जियम) व मोंझा (इटली) येथील धावमार्गांवर हे सर्वाधिक जाणवले. त्या वर्षी जपानमधील सुझुका येथे, होंडाच्याच मालकीच्या धावमार्गावर, मॅक्लारेनचा चालक फर्नांडो अलोन्सो याने रेडिओवरून या एंजिनाला दुय्यम जीपी-२ मालिकेचे एंजिन म्हटले.

या धोरणाचे जनकत्व वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ते मॅक्लारेनच्या वायुगतिकी विभागाच्या आग्रहाकडे नेतात, तर काही होंडाने ते स्वतःहून स्वीकारल्याकडे बोट दाखवतात. उपलब्ध वृत्तांत पाहता ते दोघांनी मिळून ठरवले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

चूक लवकर ध्यानात आली तरी ती दुरुस्त करणे नियमांनी अवघड केले होते. एंजिनाच्या भागांतील प्रत्येक बदलासाठी ‘टोकन’ खर्च होत. जुन्या उत्पादकांना २०१५ साठी ३२ टोकन होते. नवागत होंडाला इतरांच्या शिल्लक टोकनांची (७, १० व १२) सरासरी काढून, अपूर्णांक सोडून, ९ मिळाले. शिवाय ठरावीक संख्येपेक्षा अधिक भाग वापरल्यास प्रारंभस्थान मागे ढकलले जाई. २०१५ च्या बेल्जियमच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या दोन्ही चालकांना मिळून १०५ स्थानांचा दंड झाला. २०१६ मध्ये खोबणीतच थोडा मोठा टर्बो बसवल्यावर गुण ७६ झाले व संघ सहावा आला. युसुके हासेगावा यांनी यासुहिसा आराई यांच्याकडून प्रकल्पाची सूत्रे घेतली ती याच वर्षी.

टोकन पद्धत २०१७ मध्ये रद्द झाली. होंडाने मर्सिडीझसारखी विभक्त टर्बोची मांडणी स्वीकारून आरए६१७एच नव्याने घडवले, पण बार्सिलोनातील पहिल्याच चाचण्यांत तेलाच्या टाकीने दगा दिला. एकाच सिलिंडरच्या चाचणी एंजिनात मिळालेली शक्ती संपूर्ण व्ही-६ मध्ये उतरली नाही. गाडीत बसवल्यावर जाणवणारी कंपनेही चाचणी-मंचावर दिसली नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये सिंगापूर येथे काडीमोड जाहीर झाला.

अपयशाचा सगळा भार एंजिनावर टाकणे योग्य नाही. २०१८ मध्ये रनोची एंजिने घेऊनही मॅक्लारेन ६२ गुणांवरच थांबला. गाडीच्या सांगाड्यातही खोट होती, हे मत त्यामुळे बळावले.

पुढची सुधारणा टोरो रोसो या छोट्या संघाबरोबर झाली. धावमार्गावरील काम तोयोहारू तानाबे यांच्याकडे, तर तोचिगी प्रांतातील साकुरा येथील विकासकार्य यासुआकी आसाकी यांच्याकडे आले. कंपनीच्या विमान-एंजिन विभागाचे ज्ञान टर्बोसाठी वापरण्यात आले. २०१९ च्या फ्रान्स शर्यतीत आलेला सुधारित टर्बो हे त्याचे फळ. ३० जून २०१९ रोजी ऑस्ट्रियात मॅक्स व्हर्स्टापेनने होंडाचीच एंजिने वापरणाऱ्या रेड बुल संघासाठी मिळवलेला विजय हा होंडाचा २००६ नंतरचा पहिला. दुरुस्तीचा काळ येथे संपला असे मानण्याचा प्रघात आहे, परंतु मर्सिडीझशी बरोबरी २०२१ च्या आरए६२१एचनेच साधली. हे एंजिन २०२२ पर्यंत लांबणीवर टाकले होते. फॉर्म्युला वनमधून माघारीचा होंडाचा निर्णय ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झाल्यावर ते पुन्हा हाती घेतले गेले. त्याच्या सिलिंडरांवरील मुलाम्याचे तंत्र कुमामोतोच्या मोटरसायकल कारखान्यातून आले. १२ डिसेंबर २०२१ रोजी व्हर्स्टापेन विश्वविजेता झाला. संघांचे अजिंक्यपद मर्सिडीझकडेच राहिले. होंडाच्या अधिकृत माघारीनंतरही रेड बुलची एंजिने साकुरातच बनत राहिली.