टी-पेशीत जनुक पोचवणारे पॉलिमर कण: पार्श्वभूमी

२०१७ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी मिळाली. कार-टी म्हणजे टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, कर्करोगपेशी ओळखणारा 'कार' नावाचा कृत्रिम ग्राहक देणारा उपचार. त्याची जाहीर किंमत होती ४,७५,००० डॉलर. रुग्णाच्या टी-पेशी काढायच्या, कारखान्यात पाठवायच्या, एचआयव्हीपासून तयार केलेल्या निरुपद्रवी लेन्टिव्हायरसच्या मदतीने त्यांत कारचे जनुक घालायचे, पेशी वाढवायच्या आणि काही आठवड्यांनी परत रुग्णाला द्यायच्या, अशी ती पद्धत. त्याआधी एप्रिलमध्ये सिएटलमधील एका गटाचा शोधनिबंध आला होता. त्यांनी ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या उंदरांच्या पेशी बाहेर काढल्याच नाहीत. जनुक बांधलेले पॉलिमर कण थेट रक्तात सोडले आणि टी-पेशी शरीरातच कार-टी झाल्या. बाहेर तयार केलेल्या पेशी दिलेल्या उंदरांइतकाच हा उपचार परिणामकारक दिसला. आज या विषयाची जी चर्चा चालते ती बहुतेक या निबंधापासून सुरू होते. कणांची गोष्ट मात्र जुनी आहे.

न्यूक्लिक आम्लावर ऋणभार असतो, पेशीच्या पटलावरही असतो. मध्ये धनभारित पॉलिमर घातला की दोघांची गाठ पडते, हे १९६५ पासून माहीत होते. तेव्हा डेक्स्ट्रानचे एक रूप वापरत. १९८७ मध्ये पॉलिलायसीन या धनभारित पॉलिमरला यकृतपेशी ओळखणारे प्रथिन जोडून डीएनए नेमका यकृताकडे पाठवण्यात आला. 'पत्ता लिहिलेला कण' ही कल्पना तिथली. पण पेशीत शिरलेला बहुतेक डीएनए आतल्या आत नष्ट होई.

१९९५ मध्ये स्ट्रासबर्गमधून पॉलिइथिलिनइमीनचा, म्हणजे पीईआयचा, निबंध आला. कागद गिरण्यांत आणि पाणी शुद्धीकरणात वापरला जाणारा हा औद्योगिक पॉलिमर. त्याने तोवरच्या पॉलिमरांना मागे टाकले. का, याचे जे उत्तर दिले गेले त्याचे नाव 'प्रोटॉन स्पंज'. या दोन शब्दांनी पुढची वीस वर्षे क्षेत्राची दिशा ठरवली, म्हणून त्यांच्यावर थांबायला हवे.

पीईआयच्या साखळीत दर तिसरा अणू नायट्रोजनचा असतो. शरीराच्या नेहमीच्या सामूला त्यांतले थोडेच नायट्रोजन प्रोटॉन धरून असतात, बाकीचे रिकामे. पेशीने कण गिळला की तो एंडोसोम नावाच्या पिशवीत बंद होतो. पेशी त्या पिशवीत प्रोटॉन पंप करत राहते, म्हणजे आतला माल आम्लात विरघळावा. पीईआय ते प्रोटॉन टिपून घेतो, पेशी आणखी पंप करते, प्रोटॉनांमागून क्लोराइड येते, क्लोराइडमागून पाणी. पिशवी फुगते, फुटते, डीएनए बाहेर. कल्पना सुंदर आहे, शिकवायला सोपी आहे आणि रसायनतज्ज्ञाला हाती धरता येईल असा एक आकडा देते: पॉलिमर किती प्रोटॉन शोषतो.

पुरावे तिच्या बाजूने होतेच. पंप बंद पाडणारे औषध दिले की पीईआयची कामगिरी कोसळे. २००३ मध्ये जिवंत पेशींत मोजमाप करून दाखवण्यात आले की पीईआय असलेल्या एंडोसोममध्ये क्लोराइड वाढते आणि पिशव्या फुगतात. पण २००४ मध्ये नेमक्या त्याच आम्लधर्मी पट्ट्यात प्रोटॉन शोषणारा एक पॉलिमर बनवून पाहिला गेला, आणि त्याने जनुके पोचवण्यात काहीच सुधारणा केली नाही. २०१३ मध्ये सूक्ष्म संवेदक घालून लायसोसोममधला, म्हणजे एंडोसोमनंतरच्या पचन करणाऱ्या पिशवीतला, सामू थेट मोजला गेला. पीईआयमुळे तो बदललेला दिसलाच नाही. दरम्यान आणखी एक गोष्ट स्पष्ट होत गेली होती. डीएनएला न चिकटलेला, मिश्रणात मोकळा राहिलेला पॉलिमर मोठे काम करतो. तो पटलाला भिडून तिथे छिद्रे पाडत असावा, हे दुसरे स्पष्टीकरण पुढे आले. पटलाला भिडण्याची हीच सवय पीईआयच्या विषारीपणाशीही जोडली जाते.

दोन्ही बाजूंचे प्रयोग वाचून माझे मत असे झाले आहे की प्रोटॉन शोषण मदत करते, पण ते पुरेसे नाही, आणि 'स्पंज' हा शब्द सिद्ध यंत्रणेचे नाव म्हणून वापरणे चूक आहे. तरी शोधनिबंधांच्या प्रस्तावनांत तो अजून निःशंकपणे येतो. त्याची किंमत या क्षेत्राने मोजली आहे. नव्या पॉलिमरांत हिस्टिडीन, इमिडाझोल असे प्रोटॉन धरणारे घटक घालून शोषण वाढवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे झाले. सगळे लक्ष गिळलेल्या पिशवीतून सुटण्याकडे होते. टी-पेशीची अडचण त्याच्याही आधी सुरू होते: ती मुळात फारसे गिळतच नाही. विश्रांतीतली टी-पेशी लहान असते, तिचे विभाजन चालू नसते, त्यामुळे केंद्रकाचे पटलही उघडत नाही. यकृतपेशींवर किंवा प्रयोगशाळेत भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींवर निवडलेले पॉलिमर तिच्यापुढे निष्फळ ठरले, यात नवल नाही.

म्हणूनच जुन्या निबंधांत 'रोगप्रतिकारक पेशींत जनुक' असे वाचले तर सहसा टी-पेशी समजू नये. १९९० च्या दशकात त्याचा अर्थ मॅक्रोफेज आणि डेन्ड्रिटिक पेशी असा असे, कारण कण गिळणे हे त्यांचे रोजचे काम. शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या टाक्यांतल्या पॉलिमरचे जवळचे भावंड असलेल्या पीएलजीएच्या कणांत डीएनए भरून लशी करण्याचे प्रयत्न त्या काळातले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून निघणाऱ्या कायटोसानचेही तसेच.

जनुक पोचवायला विषाणूंना पर्याय हवा, ही निकड याच सुमारास दाट झाली. १९९९ मध्ये फिलाडेल्फियातील चाचणीत एका १८ वर्षांच्या स्वयंसेवकाचा जनुक वाहून नेणारा अ‍ॅडिनोव्हायरस दिल्यावर मृत्यू झाला. २००२ मध्ये पॅरिसमधील चाचणीत जन्मजात प्रतिकारहीन मुलांना बरे करणारा रेट्रोव्हायरस कर्करोगाशी संबंधित जनुकाशेजारी जाऊन बसल्याचे आणि त्यातून ल्युकेमिया झाल्याचे कळले.

पॉली बीटा-अमिनो एस्टर हे पॉलिमर २००० मध्ये मॅसॅच्युसेट्समधून आले. त्यांच्या साखळीत एस्टर बंध असतात, ते पाण्यात हळूहळू तुटतात, म्हणून पीईआयसारखा साठा पेशीत उरत नाही. शिवाय दोन साधे घटक एकत्र केले की पॉलिमर तयार, त्यामुळे २००३ पर्यंत दोन हजारांहून अधिक प्रकार एकत्र तपासता आले. सिएटलच्या कणाचा गाभा याच कुळातला. त्यावर ऋणभारित पॉलिग्लुटामिक आम्लाचे आवरण होते आणि त्याला टी-पेशीवरचे सीडी३ हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंडाचे तुकडे जोडलेले. सीडी३ ला धरले की टी-पेशी कण आत ओढून घेते. केंद्रकापर्यंत नेणारे पेप्टाइडही पॉलिमरला जोडले होते. म्हणजे गिळणे आणि केंद्रक, या दोन दुर्लक्षित अडथळ्यांवर थेट उपाय. माझ्या मते या निबंधाचे खरे महत्त्व इथे आहे. मथळ्यांत मात्र फक्त 'शरीरातच कार-टी' गाजले.

जनुक कायमचे बसवायला त्यांनी पिगीबॅक ट्रान्सपोझॉन, म्हणजे जनुकसंचात जाऊन बसू शकणारा डीएनएचा तुकडा, वापरला होता. २०२१ मध्ये सिडनीतील एका छोट्या चाचणीत पिगीबॅकने तयार केलेल्या कार-टी पेशींपासून १० पैकी २ रुग्णांना लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) झाल्याचे प्रसिद्ध झाले. तिथे पॉलिमर कण नव्हते, जनुक विजेच्या झटक्याने घातले होते. तरीही 'विषाणू नाही म्हणजे धोका नाही' हे समीकरण तिथे मोडले. सिएटलचा गट २०२० पर्यंत एमआरएनएकडे, म्हणजे जनुकाच्या तात्पुरत्या प्रतीकडे, वळला होता. एमआरएनएला केंद्रकात जावे लागत नाही आणि ते जनुकसंचात बसत नाही. परिणाम तात्पुरता, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यायचे.

त्याच सुमारास कोविडच्या लशींमुळे लिपिड कण (चरबीचे सूक्ष्म कण) घरोघरी पोचले आणि पैसा त्या बाजूला गेला. पॉलिमरांची वीस वर्षांची तयारी त्यात झाकोळली, हे मला अन्यायाचे वाटते. २०२२ मध्ये उंदरांत टी-पेशींना तात्पुरते कार देऊन हृदयाचे व्रण कमी केले गेले ते लिपिड कणांनीच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत विकसित झालेल्या कार-टी उपचाराला भारतात परवानगी मिळाली. किंमत परदेशाच्या सुमारे एक दशांश. त्यातही जनुक लेन्टिव्हायरसनेच घातले जाते आणि पेशी बाहेर काढाव्याच लागतात. पुढच्याच महिन्यात अमेरिकी नियामकाने कार-टीनंतर उद्भवलेल्या टी-पेशी कर्करोगांची चौकशी जाहीर केली आणि जानेवारी २०२४ मध्ये माहितीपत्रकांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. २०२५ मध्ये शरीरातच कार-टी पेशी तयार केल्याचे माणसांवरील सुरुवातीचे निष्कर्ष चीनमधून आले. मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या कर्करोगाच्या) ४ रुग्णांत वाहक लेन्टिव्हायरस होता, ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराच्या रुग्णांत लिपिड कण.